बंदर, सडक, स्टेशन : पेण आणि रोहे येथील आळ्यांची स्थित्यंतरे

कोकणातील एखाद्या जुन्या कसब्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे ठरवावयाचे असेल, तर आज आपण ज्या रस्त्याने तेथे जाऊन पोहोचतो त्यावर विसंबून चालत नाही. जुन्या वखारी कोणत्या अंगाला होत्या, जकातीचे नाके कोठे बसत असे आणि सधन व्यापाऱ्याच्या माडीवरील सज्जा कशावर नजर ठेवून बांधलेला होता, याची चौकशी करावी लागते. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहे या दोन तालुक्यांच्या गावी अशी चौकशी केली म्हणजे उत्तर एकच मिळते. ही दोन्ही गावे पाण्याकडे तोंड करून वसली. पुढे सडक आली तेव्हा ती सडकेकडे वळली, आगगाडी आली तेव्हा आगगाडीकडे वळू पाहू लागली, आणि प्रत्येक वळणासरशी कालपर्यंत जी आळी दर्शनी होती ती मागीलदारी गेली व जे मागीलदार होते तेथे दुकानांच्या झगमगत्या पाट्या लागल्या. पूर्वीचे गाव राहिले नाही, अशी जी हळहळ वडीलधाऱ्यांच्या तोंडून दोन्हीकडे ऐकू येते, तिच्यात पुष्कळदा या दिशांच्या उलथापालथीचीच नोंद असते; फक्त ती नोंद माणसांच्या स्वभावावर टीका करण्याच्या मिषाने केली जाते, एवढेच.

पेणचे पाणी म्हणजे भोगावती नदी आणि तिच्या खालच्या अंगाला असलेले अंतोऱ्याचे बंदर. भरतीच्या वेळा साधून मचवे आणि पडाव येथवर येत, आणि खारेपाटातील भात व मिठागरांतील मीठ घेऊन मुंबईच्या किंवा घाटाच्या वाटेला लागत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कुलाबा जिल्ह्यावरील खंड १८८३ साली प्रसिद्ध झाला. त्यात या भागाचे जे चित्र आहे ते प्रायः खाड्यांचे, बंदरांचे आणि भाताच्या बाजारांचे चित्र आहे. मुंबईस जाणारा उतारू धरमतरला आगबोटीत बसे. महाबळेश्वरी हवा खाण्यास निघालेले साहेबलोकसुद्धा आगबोटीने धरमतरला उतरत आणि नागोठणे, महाड करीत वर चढत. खोपोलीहून पेणवरून येणारी सडक धरमतरला पाण्याशी भिडत असे, तेव्हा ती सडकही एका अर्थाने बंदराचीच बटीक होती. तालुक्याच्या गावी मामलेदाराची कचेरी असावयाची, तशी ती पेणलाही होती. तालुक्याचे जुने नाव मात्र किल्ल्यावरून सांकशी असे होते, आणि नागोठण्याचा पेटा तेव्हा पेणच्या पोटात मोडत असे. आज नागोठणे रोहे तालुक्यात आहे. कागदोपत्री सीमा कशा फिरतात याचे हे एक लहानसे उदाहरण. मोठे उदाहरण म्हणजे खुद्द जिल्हा, ज्याचे कुलाबा हे नाव १ जानेवारी १९८१ पासून जाऊन रायगड झाले.

माणसे गाव सोडून जाऊ लागली म्हणून आळ्या ओस पडल्या, असा एक सार्वत्रिक समज आहे आणि त्याचे खापर मुंबईतील गिरण्यांवर व कचेऱ्यांवर फोडण्याचा प्रघात आहे. परंतु पेण तालुक्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे कर्जाच्या ओझ्याने गांजून, ग्वाल्हेरीकडील यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने जे उत्तरेस पायी निघाले ते १८५७ साली, म्हणजे कोकणातून मुंबईच्या गिरण्यांकडे माणसांची रीघ लागण्यापूर्वीच. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली भारताचार्य वैद्यांनी छापून काढला आणि सत्तावनच्या बंडाची एका भिक्षुकाने डोळ्यांनी पाहिलेली हकीकत म्हणून तो गाजला. पण त्याच्या मुळाशी पाहिले तर ती कोकणातल्या एका कर्जबाजारी घराची कहाणी आहे. याच तालुक्यातील गागोदे या डोंगरकुशीतल्या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा जन्मले आणि तेही लहानपणीच बडोद्यास गेले. तेव्हा जाणे हा या भूमीचा जुनाच धर्म आहे. नवे घडले ते असे, की जाणाऱ्यांच्या मागे घर राखण्यास जे कुणी राहत असे ते राहीनासे झाले.

पेणच्या आळ्यांची नावे आजही जुनीच आहेत : कुंभार आळी, कासार आळी, परीट आळी, दातार आळी, प्रभू आळी, हिमास आळी. नावांवरूनच दिसते की आळी ही निव्वळ वस्ती नव्हती. तो एक धंदा होता, किंवा एक ज्ञाती होती, किंवा एखाद्या घराण्याची मिरास होती. रस्त्यालगत ओटी, मग पडवी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे विहिरीचे परसू, अशी घरे एकमेकांस भिंत लावून उभी असत. परसात आंबा, फणस, अळवाचे वाफे आणि न्हाणीघराच्या पाण्यावर वाढलेली केळ. मंगळुरी कौले आली ती पाण्याच्याच वाटेने. त्यापूर्वीची नळीची कौले दर वर्षी पावसाच्या तोंडाशी शाकारावी लागत. कोणाच्या घरी कोण पाहुणा उतरला, कोणाच्या ओटीवर दिवा उशिरापर्यंत जळत होता, हे सर्व आळीस ठाऊक असे. आणि ठाऊक असणे व विचारपूस करणे यांत जे अंतर असते ते पाळण्याची रीत त्या काळी फारशी नव्हती.

या सर्वांवर एक वास पसरलेला असावयाचा, तो पोह्यांचा. भात भिजवावयाचे, भट्टीवर भाजावयाचे आणि गरम आहे तोच चेपावयाचे, हा उद्योग पेणला पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे. पुढे उखळ-मुसळांची जागा यंत्राने घेतली, पण भट्टीचा खमंग वास गेला नाही. पोह्यांच्या जोडीला पापड. हा धंदा बव्हंशी स्त्रियांनी उभा केला आणि घराघरांच्या गच्च्यांवर व ओट्यांवर वाळविला. मुंबईहून गावी आलेला मनुष्य परत निघाला की त्याच्या पिशवीत पेणचे पोहे आणि पापड असणारच, इतका हा नियम बांधलेला होता. आणि आज महामार्गावरील दुकानांतून तीच नावे पाकिटांवर छापून विकली जातात. माल तोच असला तरी विकणाऱ्याचे तोंड गावाकडे नाही, धावत्या मोटारीकडे आहे.

परंतु पेण म्हटले की महाराष्ट्रास आठवतो तो गणपती. या मूर्तिकलेचा आरंभ एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जातो, आणि तिला कीर्ती मिळवून देणाऱ्यांत देवधर घराण्याचे, विशेषतः राजाभाऊ देवधरांचे, नाव आदराने घेतले जाते. लोकमान्यांनी उत्सवास सार्वजनिक रूप दिल्यावर मूर्तीची मागणी वाढली, आणि मुंबई खाडीपलीकडे हाकेच्या अंतरावर असल्यामुळे पेणच्या कारागिरास गिऱ्हाईक शोधत हिंडावे लागले नाही. आळीच्या जीवनावर या धंद्याने जो परिणाम केला तो मात्र स्वतंत्रपणे सांगण्याजोगा आहे. पूर्वी मूर्तिकाम हे घरातले काम होते. माजघरात पाटावर शाडूची माती मळली जाई, ओटीवर मूर्ती सुकत, पडवीत रंग लागे आणि परसात साचे धुतले जात. म्हणजे सारे घर वर्षाचे काही महिने देवाला मोकळे करून दिलेले असे व माणसे उरलेल्या जागेत सांदीकोपऱ्यात निजत. शाडू जड, सुकण्यास हट्टी आणि पावसाळी हवेत तडकण्यास तत्पर. त्यामुळे माणूस किती काम करील याला निसर्गतःच मर्यादा पडे.

प्लास्टर ऑफ पॅरिस आले आणि ही मर्यादा निघाली. ते हलके, झटकन सुकणारे, स्वस्त आणि ट्रकच्या धक्क्यांना न जुमानणारे. रबरी साच्यातून एकामागून एक मूर्ती निघू लागल्यावर माजघर पुरेना, परसू पुरेना. झाडे तोडून पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या, आणि त्याही अपुऱ्या पडल्या तेव्हा धंदा गावाबाहेर पडून हमरापूर, जोहे, कळवे, दादर अशा गावांतून पसरला. हमरापूर परिसरात आज वर्षभर काम चालते. दिवाळीचे फराळ संपते न संपते तोच पुढच्या भाद्रपदाची जुळणी सुरू होते, आणि परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर पावसाळ्याच्या पुष्कळ आधी जहाजावर चढतात. जेथे शेतीने धड पोट भरत नव्हते अशा खारेपाटातील तरुणांस या कारखान्यांनी घरबसल्या रोजगार दिला, ही गोष्ट मातीच्या मूर्तीविषयी गहिवरून लिहिणारे सहसा सांगत नाहीत. कच्ची मूर्ती कोठेही होईल, पण डोळ्यांची आखणी पेणच्याच हाताची हवी, असा लौकिक आजही टिकून आहे. आणि आखणी करणारा कारागीर कारखान्यात बसला म्हणजे इतर सर्व गडबड आपोआप त्याच्यापासून चार हात दूर राहते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली, तेव्हापासून या गावांची झोप उडाली होती. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि ९ जून २०२५ रोजी न्यायालयाने मूर्ती घडविण्यास व विकण्यास मोकळीक देऊन नैसर्गिक जलाशयांत त्या विसर्जित करण्यास मात्र मनाई ठेवली. ज्या नदीकाठाने पेणचा धंदा वाढला, त्या नदीलाच त्या धंद्यापासून वाचवावे लागावे, यातील विसंगती कोणालाही कळण्यासारखी आहे. शाडूकडे परत वळावे म्हणणाऱ्यांचा हेतू शुद्ध असेल. पण माजघरे शिल्लक कोठे आहेत? त्या जागी तीन मजली इमारती आहेत, आणि तेथील घरांत शाडू सुकविण्यास ओटी नाही.

एस. टी. १९४८ साली सुरू झाली आणि पुढील दोन दशकांत तिने जे केले ते बंदरांना मारक ठरले. अंतोऱ्याकडे जाणारी वाट सुनी झाली व गावाचा ओढा सडकेकडे वळला. मुंबई-गोवा महामार्ग गावास लागूनच असल्याने दुकाने, खाणावळी, दवाखाने आणि शेवटी सदनिकांच्या इमारती त्या बाजूस सरकत गेल्या. खालच्या अंगाला वडखळचे नाके तर अलिबागच्या फाट्यामुळे असे काही फुगले की तेथील वाहतुकीच्या कोंडीवर वृत्तपत्रांचे रकाने पोसले गेले. पनवेल ते इंदापूर हा रस्ता चौपदरी करण्याचे काम २०११ साली निघाले. ते ज्या गतीने चालले तिच्याविषयी कोकणी मनुष्याने स्वतःच इतके विनोद केले आहेत की लेखकाने त्यात भर घालण्याचे कारण नाही.

आगगाडी आली ती १९८६ साली, आपट्याहून पेणवरून रोह्यापर्यंत. स्टेशन गावापासून दूर. जुन्या आळीतील माणसास ते बराच काळ परकेच वाटले. परंतु पनवेल आणि नवी मुंबई जवळ आली, पेणला राहून तिकडे नोकरीस जाणे शक्य झाले आणि शेतांच्या जागी वसाहती उठल्या. या वसाहतींतून राहणाऱ्या माणसाला हिमास आळी ठाऊक असते ती रिक्षावाल्यामुळे.

रोह्याची गोष्ट याहून किंचित निराळी आहे, कारण रोह्याचे पाणी अजून हलले नाही. कुंडलिका गावाच्या कडेने वाहते. पलीकडच्या तीरावर अष्टमी. दोन तीरांची मिळून नगरपालिका एक, तिचे नावच रोहा-अष्टमी. तरी अष्टमीचा मनुष्य स्वतःस रोहेकर म्हणवून घेण्यापूर्वी क्षणभर थांबतो. खाली रेवदंड्यास नदी समुद्राला मिळते, आणि त्या वाटेने पूर्वी भाताची गलबते जात-येत. भाताचा बाजार म्हणून रोह्याची ख्याती होती. पाठीशी अवचितगड, दक्षिणेस घोसाळगड, आणि मध्ये ही सुपीक खोरी. अष्टमीत व पेणमध्येही बेने इस्राएल लोकांची जुनी प्रार्थनामंदिरे आहेत. तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी काम न करणारे म्हणून 'शनवार तेली' या नावाने ओळखली जाणारी ही मंडळी कोकणात शतकानुशतके नांदली. इस्राएल राष्ट्र झाल्यावर त्यांतील बहुतेक तिकडे गेली. तेथील पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही आडनावे मात्र अद्याप आपापल्या गावाचा पत्ता सांगत आहेत. इकडे त्या घरांचे मालक बदलले, काही घरे पडली. आळीला कोणी जाण्याचे दुःख होते तसे कोणी राहून गेल्याचे विस्मरणही होते.

दमखाडी, अंधार आळी, मोरे आळी, धनगर आळी या वस्त्यांतून हिंडताना रोहेकर दोन नावे हटकून काढतो. एक चिंतामणराव देशमुखांचे. जन्म महाडजवळ नाते येथे, १४ जानेवारी १८९६ चा. पण घराणे रोह्याचे. मॅट्रिकला पहिले येऊन जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती मिळविणारा हा मुलगा १९४३ साली रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला, १९५२ साली कुलाब्यातून लोकसभेवर निवडून गेला, आणि मुंबई महाराष्ट्रापासून तोडली जात असल्याचे पाहून १९५६ साली त्याने अर्थमंत्रिपद सोडले. दुसरे नाव पांडुरंगशास्त्री आठवल्यांचे. १९ ऑक्टोबर १९२० रोजी रोह्यात जन्मलेल्या शास्त्रीबोवांच्या स्वाध्याय परिवारामुळे या गावाची वाट कच्छ-सौराष्ट्रातील माणसांनाही पाठ झाली. ओघात आठवले म्हणून सांगतो : ज्या बँकेचे प्रमुखपद रोह्याच्या घराण्याने भूषविले, त्याच बँकेला शेजारच्या पेणमधील नागरी सहकारी बँकेवर २०१० साली निर्बंध आणावे लागले, आणि पेणच्या आळ्यांतील निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी त्यात अडकली. पेण अर्बनच्या ठेवीदारांच्या सभा पुढे वर्षानुवर्षे भरत राहिल्या. शेजाऱ्याच्या शब्दावर पैसे ठेवण्याची जी जुनी आळीतली सवय, तिला त्या एका वर्षाने जेवढा धक्का दिला तेवढा सिमेंटने शंभर वर्षांत दिला नसता.

कुंडलिका हल्ली बारमाही आहे, आणि याचे कारण घाटमाथ्यावर आहे. टाटांनी मुळशीचे धरण बांधून १९२७ साली भिऱ्याचे वीजघर चालू केले. मावळच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली दिलेला लढा फसला, त्यांची गावे बुडाली, आणि पूर्वेकडे वाहून जाणारे ते पाणी डोंगर उतरून कुंडलिकेत आले. डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालवे निघाले व खालची भातशेती उन्हाळ्यातही हिरवी झाली. कोलाडला मुंबईचे तरुण नावांतून जलक्रीडा करण्यास येतात ते याच सोडलेल्या पाण्याच्या वेळा पाहून. एका खोऱ्याचा शाप तो दुसऱ्या खोऱ्याचा वर झाला. रोह्याच्या संपन्नतेविषयी बोलताना मुळशीचे नाव घ्यावयास हवे, पण ते क्वचितच घेतले जाते.

पाणी मिळाले म्हणून पुढे धाटाव येथे रासायनिक कारखान्यांची वसाहत आली, आणि रोह्याचा स्वभाव पालटला. भाताच्या बाजारात आता पाळ्यांचे भोंगे वाजू लागले. महाराष्ट्राच्या इतर भागांतून, उत्तरेतून माणसे आली, वरसे, भुवनेश्वर या बाजूला खोल्यांच्या रांगा उठल्या, भाडी वाढली, आणि शेतकऱ्याच्या मुलाला पगार मिळू लागला. काही रात्री वाऱ्याबरोबर गावात शिरणारा उग्र दर्प हा या पगाराचाच एक भाग मानून लोकांनी तो पुष्कळ वर्षे सोसला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिकेचे नाव लागले. नदीकाठाला आता सुशोभित घाट आणि फिरण्याची वाट झाली आहे. संध्याकाळी तेथे गर्दी असते, आणि निदान फिरावयाला म्हणून का होईना, गाव पुन्हा नदीकडे तोंड करून उभे राहते, हे मला तरी समाधानाचे वाटते. कोकण रेल्वेची ७४१ किलोमीटरची वाट रोह्यापासूनच सुरू होते. २६ जानेवारी १९९८ रोजी ती सलग खुली झाली. मात्र रोह्यावरून कोण कोठे गेला याचा हिशेब त्या रेल्वेला ठेवावा लागत नाही. तिच्या पुष्कळशा गाड्या येथे थांबतच नाहीत.

सर्व आळ्या एका दोरीत ओवणारी एक गोष्ट रोह्याने राखली आहे, ती धावीर महाराजांची पालखी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सशस्त्र पोलीस ग्रामदैवतास मानवंदना देतात. इंग्रजी अमदानीपासून चालत आलेला हा प्रघात स्वराज्यातही मोडला नाही. मग पालखी आळीआळींतून हिंडते आणि रात्र जागवून दुसऱ्या दिवशी पहाटे देवळात परतते. ठाणे, डोंबिवली, पुण्यास गेलेली घरे त्या दिवशी उघडतात, जळमटे झाडली जातात, आणि ज्यांची घरे विकली गेली तीही माणसे पूर्वीच्या ओटीसमोर, म्हणजे हल्लीच्या वाहनतळासमोर, ओवाळणीचे तबक घेऊन उभी राहतात.

येथवर लिहिलेले वाचून कोणास वाटेल की जुने ते सोने होते. तसे माझे मत नाही. ज्या ओटीची आठवण आपण काढतो ती ओटी सर्वांना मोकळी नव्हती. पाणवठा कोणाचा कोणता हे ठरलेले होते, आणि आळीचे नाव ज्ञातीवरून पडले याचा अर्थ दुसऱ्या ज्ञातीच्या माणसाला तेथे घर मिळत नसे, असाही होतो. डोंगरातील कातकरी बाजारच्या दिवशी मोळी विकून सायंकाळपूर्वी परत जात असे. जुन्या आळीच्या रम्य वर्णनात त्याला जागा नाही, कारण आळीतच ती नव्हती. सदनिकांच्या इमारतीत दारावरच्या पाट्यांवर चार जातींची आडनावे शेजारी शेजारी दिसतात. ती एकमेकांकडे जेवावयास जातात की नाही हा प्रश्न वेगळा, पण एकाच जिन्याने चढतात, हे थोडे नव्हे. स्त्रियांनाही विचारून पाहावे. रहाटाची आठवण पुरुष काढतात. रहाट ओढलेल्या हातांना नळाची तोटी अधिक प्रिय आहे.

खारेपाटात तर तीही तोटी अजून धड पोहोचलेली नाही. पेण तालुक्याच्या पश्चिमेकडील सखल भागात, खाडीचे पाणी बांधांनी रोखून पिढ्यांनी शेती केली, तेथे पिण्याच्या पाण्यासाठी दर उन्हाळ्यात तीच वणवण चालते. आणि तालुक्यातील हेटवणे धरणाचे पाणी नळांतून नवी मुंबईस जाते. त्याच धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शासनाने महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी (सेझ) जमिनी देण्याविषयी मतदान घेतले. अशा प्रश्नावर शेतकऱ्याचे मत पेटीतून विचारले जाण्याचा प्रसंग विरळाच; आणि तो सेझ पुढे उभा राहिला नाही. जमिनी मात्र जागच्या जागी राहिल्या व त्यांच्याकडे पाहणाऱ्यांची नजरही तशीच राहिली.

१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावाशेवा हा अटल सेतू खुला झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण या तीन तालुक्यांतील १२४ गावे नव्या नगराच्या विकासासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हाती देण्यात आली, आणि लोकांनी त्याला 'तिसरी मुंबई' असे नाव ठेवले. म्हणजे पेणला आता तिसऱ्यांदा तोंड फिरवावे लागणार, आणि या खेपेस ते पुलाकडे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईस जाण्यासाठी धरमतरला भरतीची वाट पाहणारे गाव, मुंबईच आपल्या शिवेवर येऊन उभी राहते की काय हे पाहत आहे. आणि खारेपाटातील शेतकरी, ज्याने २००८ साली एकदा मत नोंदविले होते, तो तलाठ्याच्या कचेरीतून सातबाराचा ताजा उतारा काढून पेटीत ठेवतो आहे. या वेळी त्याला कोणी विचारणार आहे की नाही, एवढेच अजून ठरावयाचे आहे.